मंदीतला सरकारी खर्च आणि आपली अल्पबचत

अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशी शाखेच्या काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो: ‘आमच्या व्याजाचं काय झालं?’ खरे तर अल्पबचत योजनांचे व्याजदर अर्थसंकल्पात ठरत नाहीत. एप्रिल २०१६ पासून अर्थ मंत्रालय ते दर तिमाहीला जाहीर करते. तरीही विचारणाऱ्याची शंका रास्त असते. सरकारच्या जमाखर्चाचा आपल्या पासबुकाशी संबंध आहे, आणि मंदीच्या काळात तो अधिकच जवळचा होतो. त्या काळात सरकार नेहमीपेक्षा जास्त कर्ज काढते, आणि ते कर्ज देणाऱ्यांत आपणही असतो. कर्ज देणाऱ्याने पैसा कशावर खर्च होतो हे विचारले, तर त्यात आगाऊपणा काहीच नाही. आम्ही बँकवाले तर दहा हजारांचे कर्ज देतानाही विचारतो.

आपला पैसा सरकारपर्यंत कसा पोहोचतो

पीपीएफ, राष्ट्रीय बचत पत्र, सुकन्या समृद्धी, ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टातली आवर्ती ठेव या योजनांत आपण भरलेले पैसे, पोस्टात भरा की बँकेत, राष्ट्रीय अल्पबचत निधीत जमा होतात. हा निधी १ एप्रिल १९९९ पासून अस्तित्वात आहे. तो आपला पैसा तिजोरीत ठेवून देत नाही, सरकारी कर्जरोख्यांत गुंतवतो. म्हणजे आपण पोस्टाला देतो आणि पोस्टाच्या मार्फत सरकारला देतो. पूर्वी यातला मोठा हिस्सा राज्यांना मिळत असे. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर २०१६ पासून अरुणाचल प्रदेश, दिल्ली, केरळ आणि मध्य प्रदेश सोडून इतर राज्ये या व्यवस्थेतून बाहेर पडली. त्यामुळे इंदूरच्या खातेदाराच्या बचतीतून त्याच्या राज्याला कर्ज मिळू शकते. पुणे, बडोदे, बेळगाव किंवा हैदराबाद इथली नवी बचत मात्र केंद्राच्या उपयोगी पडते.

बँकेतल्या ठेवीचेही तेच, थोडे वळसा घालून. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेला ठेवींच्या साधारण १८ टक्के इतकी रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावी लागते. प्रत्यक्षात बऱ्याच बँका याहून जास्त ठेवतात, मंदीत तर हमखास. कारण तेव्हा कर्ज मागायला येणारा उद्योजक कमी होतो आणि आलेला पैसा कुठेतरी लावावा लागतो.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये धरला होता आणि तूट सुमारे १५.७ लाख कोटी. तूट म्हणजे उत्पन्नातून न भागलेला, कर्जाने भरायचा भाग. त्यातले जवळजवळ ३.४ लाख कोटी रुपये अल्पबचतीतून येतील असा अंदाज होता. त्याच अर्थसंकल्पात व्याजापोटी १२.७६ लाख कोटी रुपये ठेवले होते. सरकारकडे येणाऱ्या रुपयातले २४ पैसे कर्जाचे, आणि जाणाऱ्या रुपयातले २० पैसे जुन्या कर्जाच्या व्याजाचे. हे व्याज कुणाला मिळते? बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी आणि आपल्यासारखे बचतदार. त्यामुळे ‘सरकारचा व्याजावरचा खर्च म्हणजे उधळपट्टी’ असे सरसकट म्हणताना आपणच त्या रांगेत उभे आहोत हे ध्यानात ठेवावे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, पण कुणी?

घरात पगार कमी झाला की आपण खर्च कमी करतो. हॉटेल बंद, नवा फ्रीज पुढच्या वर्षी. घरापुरते हे शहाणपणाचे आहे. पण देशातली सगळी घरे एकाच वेळी असे करू लागली की हॉटेलवाल्याचा धंदा बसतो, फ्रीजच्या कारखान्यात कामगार कमी होतात आणि त्यांच्या घरांतही पुन्हा तीच काटकसर सुरू होते. एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते. अशा वेळी सरकारनेही हात आखडता घेतला तर मंदी आणखी खोल जाते. शिवाय मंदीत सरकारने काहीही नवीन केले नाही तरी तूट वाढतेच, कारण लोकांची कमाई घटल्यावर कर आपोआप कमी जमा होतो.

२०२०-२१ मध्ये हे आपण सगळ्यांनी पाहिले. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा जवळजवळ २४ टक्क्यांनी घसरले. केंद्राने करापोटी १६.३६ लाख कोटी रुपये धरले होते, जमा झाले १४.२६ लाख कोटी. तूट ३.५ टक्के धरली होती, ती झाली ९.२ टक्के. टक्के म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाचे, सरकारच्या खर्चाचे नव्हेत. इथे पुष्कळांची गफलत होते.

हा आकडा पाहून घाबरायला होते. पण त्यात काय काय होते पाहा. रोजगार हमीसाठी मुळात ६१,५०० कोटी रुपये ठेवले होते, प्रत्यक्ष खर्च १.११ लाख कोटींच्या घरात गेला. शहरांतून गावी परतलेल्या माणसांना हाताला काम मिळाले. सुमारे ८० कोटी लोकांना माणशी महिना पाच किलो धान्य मोफत देण्यात आले. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने पाचशे-पाचशे रुपये जमा झाले. त्या दिवसांत बँकांच्या दारांत लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना पाचशे रुपयांची किंमत सांगावी लागत नाही. तो पैसा त्याच आठवड्यात किराणा दुकानात पोहोचत होता. मंदीत सरकारने करावा असा खर्च याच प्रकारचा असतो: लवकर होणारा, गरजवंतालाच मिळणारा आणि गरज संपली की थांबवता येणारा.

कायद्यालाही हे मान्य आहे. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने तूट तीन टक्क्यांवर आणण्याचे बंधन घातले. २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि अर्थव्यवस्थेची वाढ एकदम मंदावली किंवा तसेच मोठे संकट आले, तर ठरलेल्या लक्ष्यापेक्षा अर्धा टक्का जास्त तूट करण्याची मुभा मिळाली. तेव्हा तूट वाढली एवढ्यावरून ओरड करण्यात अर्थ नाही. तो पैसा कुठे, केव्हा आणि कसा गेला, हे पाहावे लागते.

खर्च आणि उधळपट्टी यांतला फरक

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने आपल्या खात्यांना काटकसरीच्या सूचना दिल्या: दिनदर्शिका, डायऱ्या, शुभेच्छापत्रे छापू नका, परदेशी कागद वापरू नका, वर्धापनदिनाचे समारंभ आवरा, सल्लागारांची संख्या कमी करा. सूचना योग्यच होत्या. बातम्याही भरपूर झाल्या. पण लाखो कोटींच्या खर्चात डायऱ्यांचा हिशेब किती भरणार! उधळपट्टी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गाड्या, हारतुरे आणि जाहिराती येतात, कारण त्या दिसतात. मोठी गळती दिसत नाही.

अर्धवट प्रकल्पांचे उदाहरण घ्या. उत्तर प्रदेशातल्या शरयू कालव्याचे काम १९७८ मध्ये सुरू झाले तेव्हा खर्चाचा अंदाज शंभर कोटींपेक्षाही कमी होता. डिसेंबर २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले तोवर सुमारे ९,८०० कोटी रुपये लागले. विदर्भातला गोसीखुर्दही याच माळेतला. १९८० च्या दशकात ३७२ कोटींचा असलेला प्रकल्प पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. महागाईने काही वाढ होणारच. पण चाळीस वर्षे पाणी न पोहोचलेल्या शेताचे नुकसान कोणत्याच हिशेबात लिहिले जात नाही, आणि त्या कामासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र दरवर्षी लिहिले जाते. मंदी आली की नव्या कामांच्या कोनशिला बसवण्याचा मोह होतो. खरे पाहता ऐंशी टक्के झालेले काम पुरे करण्यात पैसा लवकर फिरतो, कारण जमीन, मंजुऱ्या, नकाशे हे सगळे आधीच झालेले असते.

राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेच्या अभ्यासकांनी काढलेला एक अंदाज अर्थशास्त्राच्या चर्चांत वारंवार येतो. सरकारने रस्ते, कालवे, रेल्वे यांसारख्या भांडवली कामांवर एक रुपया खर्च केला तर देशाचे उत्पादन सुमारे २.४५ रुपयांनी वाढते. पगार, अनुदान यांसारख्या महसुली खर्चाचा एक रुपया जवळजवळ एकच रुपया राहतो. दिशा म्हणून हे उपयोगी आहे, पण ते डोळे मिटून वापरू नये. सरकारी हिशेबात शिक्षिकेचा पगार महसुली खर्चात पडतो आणि कुलूप लावून ठेवलेली नवी इमारत भांडवली खर्चात. यातले वाया गेलेले कोणते, हे हिशेबाचे शीर्षक सांगत नाही.

दुसरी गळती वेळेची. सरकारी कार्यालयांशी व्यवहार असलेल्या कुठल्याही शाखेत ३१ मार्चची संध्याकाळ कशी असते ते विचारा. वर्षभर पडून राहिलेली तरतूद परत जाऊ नये म्हणून शेवटच्या आठवड्यात बिलांचा ढीग लागतो. केंद्राच्या वित्तीय नियमांत आर्थिक वर्षाच्या अखेरीस होणारी ही घाई आर्थिक शिस्तीचा भंग मानली आहे. शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांपेक्षा आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये अशी मर्यादा होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती २५ आणि १० टक्के केली गेली. मंदीच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये हवा असलेला पैसा मार्चमध्ये खुर्च्या-संगणकांवर गेला, तर कागदावर खर्च पूर्ण दिसतो आणि उपयोग शून्य.

वेळ चुकण्याचा उलटा प्रकारही आहे. २००८ च्या जागतिक संकटानंतर सरकारने डिसेंबर २००८ मध्ये उत्पादन शुल्क चार टक्के-बिंदूंनी कमी केले, फेब्रुवारी २००९ मध्ये आणखी दोन. तेव्हा ते गरजेचे होते. पुढच्या वर्षी अर्थव्यवस्था सावरली, पण २००९-१० ची तूट साडेसहा टक्क्यांच्या आसपास राहिली. शुल्कातली सवलत फेब्रुवारी २०१० मध्ये थोडीशी मागे घेतली गेली, आणि आणखी वाढ व्हायला २०१२ उजाडले. दरम्यान ग्राहक महागाई दोन वर्षे दहा टक्क्यांच्या वर होती. महागाईला दुष्काळ आणि तेलाच्या किमतीही कारण होत्या, सगळा दोष तुटीचा नाही. पण पीपीएफवर तेव्हा ८ टक्के व्याज मिळत होते. पासबुकात रक्कम वाढत होती आणि त्या रकमेत येणारा बाजार कमी होत होता.

चुकीच्या माणसाला पैसे जाणे ही गळती आम्हा बँकवाल्यांना सर्वात ओळखीची. २००८ च्या शेतकरी कर्जमाफीची महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, तपासणी केली. तो अहवाल २०१३ मध्ये संसदेत आला. माफी मिळालेल्या तपासलेल्या खात्यांपैकी सुमारे ८.५ टक्के खातेदार पात्रच नव्हते, आणि दुसऱ्या एका तपासणीत पात्र असूनही वगळलेले १३ टक्क्यांहून जास्त निघाले. मला यातला दुसरा आकडा अधिक बोचतो. अपात्राला मिळालेला पैसा निदान बाजारात तरी फिरला. वगळलेल्याच्या माथ्यावर थकबाकीदाराचा शिक्का तसाच राहिला आणि पुढच्या हंगामाचे कर्जही अडले.

बिल एकाचे, वही दुसऱ्याची

आता अल्पबचतदाराशी थेट नाते असलेली गोष्ट. भारतीय अन्न महामंडळ शेतकऱ्यांकडून हमीभावाने धान्य घेते आणि रेशनवर स्वस्तात देते. त्या काळी रेशनचा तांदूळ ३ रुपये किलो आणि गहू २ रुपये किलो होता. खरेदी, वाहतूक, साठवण यांचा खर्च आणि विक्रीची किंमत यांतला फरक सरकारने महामंडळाला द्यायचा असतो. हेच अन्न अनुदान. ही तरतूद अर्थसंकल्पात पुरेशी केली तर तूट वाढते. म्हणून २०१६-१७ पासून एक वेगळी वाट काढण्यात आली. अनुदानाचा काही भाग रोख देण्याऐवजी महामंडळाला राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज दिले जाऊ लागले.

म्हणजे धान्य वाटले गेले, त्याचा खर्च झाला, पैसे आपल्या पोस्टातल्या बचतीतून गेले, पण सरकारच्या तुटीत ही रक्कम आली नाही. कर्ज महामंडळाच्या नावावर पडले. महामंडळाला धान्य स्वस्तात विकून नफा होत नाही, त्यामुळे हे कर्ज आणि त्यावरचे व्याज शेवटी सरकारलाच फेडावे लागणार हे उघड होते. मुलाच्या नावाने किराणा दुकानात उधारी ठेवून घरखर्च कमी झाला असे सांगण्यासारखेच हे.

२०१९-२० हे वर्ष पाहा. करोना यायच्या आधीच वाढ मंदावली होती. अन्न अनुदानासाठी १.८४ लाख कोटी रुपये ठेवले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये तो आकडा सुधारून १.०८ लाख कोटींवर आणला गेला. त्याच कागदांत, वर सांगितलेली अर्ध्या टक्क्याची मुभा वापरून, तूट ३.३ ऐवजी ३.८ टक्के दाखवली होती. लोकांनी धान्य कमी खाल्ले नव्हते. मार्च २०२० अखेर महामंडळाच्या नावावर अल्पबचत निधीचे अडीच लाख कोटींहून अधिक कर्ज साचले होते. महालेखापरीक्षकांनी २०१६-१७ च्या हिशेबांवरील अहवालातच अशा अर्थसंकल्पाबाहेरच्या कर्जावर बोट ठेवले होते.

यात बचतदाराचे मुद्दल धोक्यात होते का? नाही. अल्पबचतीची परतफेड ही भारत सरकारची जबाबदारी आहे, महामंडळाची नव्हे. धोका वेगळा होता. खर्च संसदेपुढे नीट आला नाही तर तो गरजेचा आहे की नाही, गोदामात किती धान्य सडले, वाहतुकीत किती गेले, हे विचारायची वेळच येत नाही. लपलेला खर्च वाया गेलेलाच असतो असे नाही, पण वाया गेलेला खर्च लपायला याहून चांगली जागा नाही.

फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात सरकारने ही पद्धत थांबवत असल्याचे जाहीर केले आणि जुनी कर्जे फेडायला घेतली. म्हणूनच २०२०-२१ चे अन्न अनुदान, जे सुरुवातीला १.१५ लाख कोटी धरले होते, ते प्रत्यक्षात ५.४१ लाख कोटींवर गेले. त्या वर्षीच्या ९.२ टक्के तुटीत महासाथीचा खर्च होता तशी आदल्या वर्षांची ही थकलेली उधारीही होती. तूट वाढली, पण वही खरी झाली. माझ्या मते त्या अर्थसंकल्पातला हा सर्वात चांगला निर्णय होता, आणि त्याची चर्चा सर्वात कमी झाली.

याची किंमत आपण कशी मोजतो

मंदीत व्याजदर उतरतात. मार्च आणि मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ५.१५ वरून ४ टक्क्यांवर आणला. १ एप्रिल २०२० पासून पीपीएफ ७.९ वरून ७.१ टक्के झाला, पोस्टातली आवर्ती ठेव ७.२ वरून ५.८ आणि ज्येष्ठ नागरिक योजना ८.६ वरून ७.४ टक्के. ज्येष्ठ नागरिक योजनेत पैसे भरताना असलेला दर पाच वर्षे कायम राहतो. त्यामुळे मार्च २०२० मध्ये दहा लाख रुपये भरलेल्याला तिमाहीला २१,५०० रुपये मिळत राहिले, आणि महिन्याभराने निवृत्त झालेल्या त्याच्याच सहकाऱ्याला १८,५००. पाच वर्षांत साठ हजारांचा फरक. त्या वर्षी ग्राहक महागाई सरासरी ६.२ टक्के होती, म्हणजे नव्या आवर्ती ठेवीचे व्याज महागाईलाही पुरत नव्हते.

ही कपात उधळपट्टीमुळे झाली असे म्हणणे खोटे ठरेल. व्याजदर सरकारी रोख्यांच्या बाजारातल्या दरांशी जोडलेले असतात आणि ते मंदीने उतरले होते. उधळपट्टीचा परिणाम नंतर जाणवतो. २०२०-२१ मध्ये केंद्राच्या महसुली उत्पन्नातल्या दर शंभर रुपयांमागे ४१ रुपयांहून जास्त व्याजात गेले. इतके व्याज भरणाऱ्या सरकारला स्वस्त कर्ज हवे असते, आणि बचतदाराला चांगले व्याज हवे असते. ३१ मार्च २०२१ च्या रात्री अल्पबचतीचे दर आणखी कमी केल्याचा, पीपीएफ ६.४ टक्के केल्याचा आदेश निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला गेला. ही ओढाताण त्या एका रात्रीत सगळ्यांना दिसली.

ज्यांना स्वतः पाहायचे असेल त्यांनी अर्थसंकल्पाचे भाषण न वाचता ‘अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात’ ही छोटी पुस्तिका उघडावी. ती अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हिंदी आणि इंग्रजीत मोफत मिळते. तिच्यात प्रत्येक ओळीला चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी नेहमी चौथ्या रकान्याची होते. दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी ठेवून पाहावा; जी रक्कम तिथे एकदम घटली, ती गरज संपल्यामुळे घटली की दुसऱ्या कुणाच्या वहीत गेली, हा प्रश्न तिथेच सुचतो. अर्थसंकल्पाबाहेरच्या कर्जांचे वेगळे विवरणही आता त्याच कागदपत्रांत जोडलेले असते, आणि दर महिन्याच्या अखेरीस महालेखा नियंत्रक आदल्या महिन्यापर्यंतचा प्रत्यक्ष जमाखर्च प्रसिद्ध करतात. मंदीच्या वर्षी त्यातला भांडवली खर्चाचा आकडा सप्टेंबरपर्यंत किती झाला ते पाहावे. तो मूळ अंदाजाच्या निम्म्याच्याही बराच खाली असेल, तर उरलेला पैसा मार्चमध्ये घाईने खर्च होणार, किंवा होणारच नाही.